मुळाशी कानस

ज्येष्ठातल्या एका सोमवारी मी घाटकोपरला दवाखान्यात गेलो. नर्सने मांडीत इंजेक्शन दिलं. मी कापूस दाबून धरला, मग उठलो आणि कांजूरमार्गला बाबांच्या दुकानात जाऊन बसलो. बाबा भात्याला कातडं चिकटवत होते. ते म्हणाले, "सरस ढवळ." मी सरस ढवळला.

त्याला सहा वर्षं झाली. आता पुन्हा तेच दिवस आहेत. आषाढ लागला की आमच्याकडे पेट्या यायला लागतात. पेटी म्हणजे हार्मोनियम. हार्मोनियम हा शब्द आमच्याकडे फक्त बाहेरच्या पाटीवर आहे. गणपतीला दोनेक महिने उरलेले असतात, भजनी मंडळं कपाटावरची पेटी खाली उतरवतात आणि वर्षभरात तिच्या आत काय काय झालं ते तेव्हा कळतं. दमट हवेने लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना धरून बसलेल्या असतात. भात्याचं कातडं उंदराने चाखलेलं असतं. पितळी रीडवर हिरवा थर चढलेला असतो. एका पेटीत एकदा अख्खी जपमाळ सापडली होती, आणि ती कुणी चोरली यावरून भांडुपच्या त्या मंडळात दोन वर्षं अबोला होता.

फळीवर आत्ता अकरा पेट्या आहेत. प्रत्येकीत एकेक छोटा विजेचा दिवा लावून ठेवला आहे, ओल जावी म्हणून. दिवसाउजेडी झाकणांच्या फटींतून पिवळ्या रेघा दिसतात. बाबा मागच्या माघात गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला आषाढ.

मी सकाळी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, दुपारनंतर दुकानात असतो. शब्दांची सवय आहे आणि शब्दांचा संशयही. मुलगी म्हणून वाढलेलं शरीर मी पुरुषाचं करायला घेतलं तेव्हा सगळ्यांत आधी माझ्याकडे आल्या त्या उपमा. डॉक्टर म्हणाल्या, "दुसऱ्यांदा वयात येताय असं समजा." एका पुस्तकात सुरवंट आणि फुलपाखरू होतं; ते पान मी लगेच उलटलं, कारण कोशात सुरवंटाचं काय होतं ते मला शाळेत शिकवलं होतं आणि तसं विरघळायची माझी तयारी नव्हती. दवाखान्यात ओळख झालेली एक मैत्रीण, मुलुंडची, सरळ म्हणाली, "यार, तुझं रीडेव्हलपमेंट चाललंय. दोन वर्षं ट्रान्झिट कॅम्पमध्ये राहा, मग फ्लॅट मिळेल." आम्ही खूप हसलो. पण तेही बरोबर नव्हतं. रीडेव्हलपमेंटमध्ये आधी इमारत पाडतात. माझ्यात पाडण्यासारखं काही नव्हतं. मी राहत होतो त्याच जागी राहत होतो.

जी उपमा खरी निघाली ती मी शोधली नव्हती. ती आमच्या बाकावर, कानशीच्या शेजारी पडलेली होती.

पेटीतली रीड म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाला खिळवलेली पातळ जीभ. हवा गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. सूर चढवायचा असेल तर जिभेच्या टोकाशी कानस लावायची. उतरवायचा असेल तर मुळाशी, जिथे ती खिळवलेली असते तिथे. अगदी थोडं पितळ काढायचं, दिसणारही नाही इतकं. मग थांबायचं. कानशीने पितळ गरम होतं, आणि गरम पितळाचा सूर खरा नसतो. बाबा घासलेली रीड कधीही त्याच दिवशी पक्की करत नसत. "बसू दे ती," म्हणायचे. रीड रात्रभर पडून राहायची आणि सकाळी तिचा सूर आदल्या दिवसापेक्षा किंचित निराळा असायचा. तो खरा.

आणि काढलेलं पितळ परत घालता येत नाही. हे त्यांनी मला मी आठवीत असताना, आई गेली त्या वर्षी, पहिल्यांदा कानस हातात देताना सांगितलं होतं. तेव्हा माझ्याकडून एक रीड फुकट गेली. ते रागावले नाहीत. ती रीड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "आता कळला? आधी आयकायचा. मगे घासायचा."

माझा घसा तेव्हा काळी चारचा होता. गाणाऱ्या माणसाचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो तिच्या नावाने आमच्याकडे त्याचा घसा ओळखतात. माझा काळी चारला बसायचा आणि तिथून हलत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी तोच. सूर तपासायला कपाटात एक नादकाटा होता, पण तो काढायचा म्हणजे स्टूल घ्यायचं, रुमाल सोडायचा. त्यापेक्षा बाबा बाकावरूनच म्हणायचे, "सा दे." मी हातातलं पुस्तक खाली न ठेवता सा द्यायचो. त्यावर ते काळी चार जुळवायचे आणि तिच्यावरून बाकीची पेटी. मी नऊ वर्षांचा असल्यापासून हे चाललं होतं. आमच्यात एरवी फार बोलणं नव्हतं. दिवसातून दहा-बारा वेळा ते सा मागत आणि मी देत असे, एवढं आम्हाला पुरत होतं.

म्हणून मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर ते सा मागायचं थांबवतील, ही माझी भीती होती. घराबाहेर काढतील, मारतील, असलं काही मला वाटलं नव्हतं. ते उठतील, स्टूल घेतील आणि कपाटातून काटा काढतील, एवढंच. त्याहून वाईट मला काही सुचत नव्हतं.

इंजेक्शनांचा तो पहिला आषाढ सरता सरता त्वचा तेलकट झाली. भूक वाढली, बाबांच्या डब्यातली एक चपाती मी खायला लागलो आणि ते दोन जास्त लाटायला लागले. घशात सकाळी काहीतरी जड बसलेलं असायचं. गुळण्या केल्या तरी जात नसे. मी मनातून खूश होतो, आणि दुकानात शिरताना खाकरून घसा वर ढकलत होतो.

श्रावणाच्या सुरुवातीला तावडेबुवांची पेटी आली. बुवा भांडुपचे, मूळचे कणकवलीकडचे, बाबांचे जुने दोस्त. त्यांना डबलबारी गायची होती. डबलबारी म्हणजे समोरासमोर बसलेले दोन बुवा आळीपाळीने भजन म्हणतात आणि मधल्या मधे एकमेकांची यथेच्छ सालपटं काढतात. पेटी साफ झाली, भाता झाला, आणि बाबा म्हणाले, "सा दे."

मी दिला. त्यांनी काळी चार दाबली. दोन सूर एकमेकांच्या जवळ असले पण जुळले नसले की मधे एक लाट उठते. लाट उठली.

"पेटी चढली हा," बाबा म्हणाले.

मी मान खाली घालून पुस्तक वाचत राहिलो. पेटी चढली नव्हती. मी उतरलो होतो. मला ते शंभर टक्के माहीत नव्हतं, पण सत्तर टक्के माहीत होतं, आणि त्या सत्तर टक्क्यांवर मी गप्प बसलो. बाबांनी दोन दिवस लावून बुवांच्या पेटीची एकेक रीड मुळाशी घासली आणि अख्खी पेटी माझ्या घशापर्यंत खाली आणली.

आठवड्याने बुवा पेटी खांद्यावर घेऊन दारात उभे.

"दत्ता, वाट लावलंस रे पेटीची!" त्यांनी ती बाकावर ठेवली. "काल माझो भाचो आपली पेटी घेऊन इलो. म्हटलं दोघं मिळून वाजवू. वाजवतो तर काय, दोन मांजरं भांडतायत! रविवारी बारी आसा माझी. समोरचो बुवा माका स्टेजवर सोलून काढतलो."

"तुझ्या भाच्याची पेटी बघ आधी," बाबा म्हणाले.

"ती नवीन आहे रे, कोरी करकरीत!"

बाबा उठले. स्टूल घेतलं. कपाटातून रुमालात गुंडाळलेला काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. काटा पांढरी सहाचा होता. दुसऱ्या हाताने त्यांनी पेटीची पांढरी सहा दाबली. मग पेटी माझ्याकडे सरकवली आणि काटा माझ्या कानाशी धरला. पाव पट्टीहून जास्त फरक होता. लाट इतकी मोठी होती की बुवांनाही कळली.

"चूक माझी," बाबा बुवांना म्हणाले. "शुक्रवारी ये."

"नक्की ना? नायतर मी टाळ वाजवूनच गातो."

"शुक्रवारी ये म्हटलंय ना."

बुवा गेले. बाबांनी दुकानाचा पडदा अर्धा ओढला. पूर्वेकडून वारा फिरला होता आणि कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येत होता. मी म्हणालो, "बाबा, चूक तुमची नाही." आणि सांगितलं. इंजेक्शन, दवाखाना, किती वर्षांपासून मनात आहे, पुढे काय काय होईल. तयार केलेली वाक्यं एकही वापरता आली नाहीत. मधेच आवाज फाटला; दोन रीड एकदम बोलाव्यात तसं काहीतरी बाहेर पडलं.

बाबा बराच वेळ काटा रुमालात गुंडाळत होते.

"तू नाय सांगलंस," ते म्हणाले. "बुवाच्या पेटीन सांगल्यान माका."

"भीती वाटली."

"कसली?"

"तुम्ही परत सा मागणार नाही, अशी."

ते हसले नाहीत, पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. मग म्हणाले, "मी पण एक सांगूक नाय तुका. वरचे सूर माका आयकाक येनत नाय. दोन वर्सां झाली. तुझ्या सावर चाललंय माझा सगळा. नायतर पेटी चढली की माणूस उतरला, ह्या माका कळला नसता?"

दुकानात तेव्हा दोघंच होतो. आजही मला वाटतं की त्या आठवड्यात ती पेटी बिघडली ती दोन माणसांच्या गप्प बसण्यामुळे. एकाचा घसा बदलत होता, एकाचा कान जात होता, आणि दोघंही मान खाली घालून मन लावून काम करत होतो.

"पितळ काढला की परत घालता येना नाय," ते म्हणाले. "ठाऊक आसा ना?"

"माहीत आहे."

"आधी आयकलंस?"

"अकरा वर्षं ऐकलं."

बाबांनी बुवांच्या पेटीचं झाकण उघडलं, रीडची फळी काढली आणि म्हणाले, "घसो बदललो. कान?"

"कान तोच आहे."

"मगे बस हय." त्यांनी आपली जागा सोडली, बाकाच्या माझ्या बाजूला येऊन बसले आणि कानस माझ्या हातात दिली. काटा मधे ठेवला.

ती चार दिवसांची गोष्ट मला बाकी सगळ्या ऋतूपेक्षा लख्ख आठवते. रीड चढवायच्या होत्या, म्हणजे आता टोकाशी घासायच्या. एकदा मुळाशी गेलेलं पितळ, आता टोकाशीही थोडं. बाबा भाता हलवायचे, मी ऐकायचो आणि घासायचो. लाट लांब होत होत जायची. सेकंदाला चार, मग दोन, मग एक, मग एक लांबच लांब श्वास, आणि मग नाही. ती नाहीशी झाली की मी मान हलवायचो आणि बाबा पुढच्या पट्टीवर बोट ठेवायचे. चूक मी केली होती आणि ती माझ्याच हाताने दुरुस्त होत होती. असं सुख फार थोड्या चुकांमध्ये मिळतं. पेटीत रीडच्या दोन ओळी असतात, कारागीर त्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या ओळींवर मी कानस चालवत असताना बाबा सहज म्हणाले, "नावां काय, दुकानदारांनी दिली. कापतत एकाच पत्र्यातून." मला उद्देशून होतं की नाही, माहीत नाही. ते उपमा देणारे गृहस्थ नव्हते.

शुक्रवारी बुवा पेटी घेऊन गेले. रविवारची बारी कोण जिंकलं यावर दोन्ही मंडळांचं अजून एकमत झालेलं नाही.

त्याच शुक्रवारी, पडदा पाडायच्या आधी, बाबा म्हणाले, "सा दे."

"माझा सा आता भरवशाचा नाही."

"पेटीसाठी नाय मागत. दे."

मी दिला. त्यांनी पेटीवर तो शोधला, बोट इकडून तिकडे सरकवत. काळी चार आणि तिच्या खालची पांढरी पाच, या दोघींच्या मधे कुठेतरी होता. "अजून उतरता," ते म्हणाले. "बसू दे. आत्ताच नाव ठेवूचा नाय." मग दर शुक्रवारी ते सा मागायला लागले. दिवाळीत पांढरी चारला होता. शिमग्याला पांढरी तीनवर आला आणि तिथे इतका फाटायचा की बाबा कानावर हात ठेवून म्हणायचे, "बाबा रे, ह्या तर रिक्षाचो हॉर्न." पुढच्या पावसाळ्यात तो काळी एकला आला आणि थांबला. बाबांनी तीन शुक्रवार वाट पाहिली. चौथ्या शुक्रवारी म्हणाले, "बसलो."

या सगळ्याला लोक परिवर्तन म्हणतात. मोठा शब्द आहे. मला त्यापेक्षा बाकावरचे शब्द पुरतात: घासणं, थांबणं, बसणं. दाढी आली ती लाखेच्या पॉलिशसारखी. पॉलिश एका हातात चढत नाही. पहिल्या हाताने नुसता डाग पडल्यासारखं दिसतं, सहाव्या-सातव्या हाताला लाकूड बोलायला लागतं. दोन वर्षांनी छातीची शस्त्रक्रिया झाली. घरी आलो तेव्हा बाबांनी पट्टीकडे पाहून एवढंच विचारलं, "टाके कसल्या धाग्याचे?"

"विरघळणाऱ्या."

"म्हणजे ताण धरूचो नाय. महिनाभर भातो ओढू नको."

डॉक्टरांनी दिलेल्या दोन पानांच्या सूचनांमध्येही मुद्दा हाच होता.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, जुना आवाज आठवतो का. ते खरं बोलणारे होते. म्हणाले, "आठवता. तो माका आवडायचो. ह्यो येगळो आसा. वायट नाय." मला वाईट वाटलं नाही. मला तो आवाज परत नको होता, कधीच नको होता. पण सोळा-सतरा वर्षं तो कुणाच्या तरी कामी आला होता आणि त्याची आठवण ठेवणारं कुणीतरी आहे, हे बरं वाटलं. आता मी तो आठवायला जातो तर ऐकू येत नाही. बाबांच्या कानात तो होता. बाबा गेले तेव्हा तोही गेला. लोक मला विचारतात, जुन्या स्वतःबद्दल दुःख होतं का. नाही होत. ज्याला ते थोडंसं होत होतं त्या माणसाबद्दल होतं.

त्या ऋतूनंतरच्या वर्षी तावडेबुवा पुन्हा पेटी घेऊन आले. मी म्हणालो, "या बुवा, ठेवा इथे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"हिचो घसो बसलो काय रे?"

"बसलो नाय," बाबा म्हणाले. "उतरवलो."

"म्हणजे?"

"म्हणजे तो माझो झील आसा." झील म्हणजे मुलगा. बाबांनी पेटीचं झाकण उघडलं. "बोल, काय झाला पेटीक?"

बुवा स्टुलावर बसले. पंच्याने मान पुसली. मग पंचा घडी करून खांद्यावर टाकला. शेवटी म्हणाले, "बरां. मगे झिलाक सांग, काळी दोन अडकता माझी. आणि ह्या खेपेक नीट लाव म्हणावं, मागच्या टायमाक मेल्यान माका मांजर केलेला."

"मागच्या टायमाक मी केलेलंय," बाबा म्हणाले.

"दोघांनी मिळून," मी म्हणालो.

बुवांना ते कळलं नाही. त्यांनी काळी दोन दाबून दाखवली. ती खरंच अडकत होती.

यंदाही त्यांची पेटी फळीवर आहे, डावीकडून तिसरी. ते स्वतः आले नाहीत, गुडघे दुखतात. सून घेऊन आली. नवीन सून, आम्हाला न ओळखणारी. पेटी ठेवून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, मामंजींनी सांगितलंय, सूर दत्तारामांकडूनच लावून घे म्हणून. ते कधी असतात?"

मी सांगितलं की ते गेले. ती गडबडली, पेटीवरचा हात काढावा की ठेवावा तिला कळेना.

"मग आता सूर कोण लावतं?" तिने विचारलं.

बाबा नाहीत. सूर मी लावतो.